आहे तेवढंच कळव

तुमचे आजोबा रोज संध्याकाळी घरातली माणसं मोजत. देवापाशी दिवा लागला की ओट्यावर ताठ उभे राहत आणि मोठ्यानं म्हणत, "गिनती!" पलटणीत संध्याकाळच्या हजेरीला हाच शब्द होता. मग मी स्वयंपाकघरातून "हजर" म्हणायचं, तुमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या अविनाशनं, पुस्तकातून मान वर करून "हजर" म्हणायचं, आणि शेवटी ते स्वतःच स्वतःला "हजर" म्हणत. तीन माणसांसाठी एवढा आवाज कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तीनच हायेत म्हणून तर, बाई. तीनशेतला एखादा चुकला तर दिसत नाय. तिनातला चुकला तर मागं काय ऱ्हायलं?"

अवि नाशिकला कॉलेजात गेला, पुढे अमेरिकेत गेला, तरी त्याचं नाव त्यांनी हजेरीतून काढलं नाही. "अविनाश, रजेवर," असं म्हणत आणि मगच जेवायला बसत.

ओवी, नील, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, गणवेशातला, आणि त्यात ते फार कडक दिसतात. तसे ते नव्हते. म्हणून हे लिहिते आहे. आणखी एका कारणासाठीही लिहिते आहे, ते ओघानं येईल.

त्यांना मी "अहो" म्हणे आणि बाकी सगळं जव्हार "हवालदार" म्हणे. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा कुणब्याचा मुलगा, अठराव्या वर्षी फौजेत गेला. मी नाशिकची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, जव्हारच्या हायस्कुलात शिकवायला आलेली. माझ्या वडिलांनी हे स्थळ पसंत केलं ते त्यांचे बूट पाहून. "ज्याला बुटाची इतकी काळजी, तो माणसाची घेईल," असं ते आईला म्हणाल्याचं मी दाराआडून ऐकलं होतं. सगळं गाव मला "बाई" म्हणे, म्हणून तेही "बाई"च म्हणू लागले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले.

१९९० मध्ये ते निवृत्त होऊन घरी आले. पहिल्याच आठवड्यात एसटी स्टँडमागच्या गल्लीत एका म्हातारीनं "हवालदार आला, हवालदार आला" असं ऐकून दारूचा कॅन गोणपाटाखाली लपवला. ते तिच्या दारात थांबून म्हणाले, "मावशे, काढ तो भायेर. मी मिलिटरीचा हवालदार हाय, पोलिसाचा नाय." मग तिच्याशी तासभर गप्पा मारून आले. दारू मात्र प्यायले नाहीत. निदान मला तरी तसंच सांगितलं.

माझी नोकरी चालू होती, तेव्हा घर त्यांनी ताब्यात घेतलं. भाकरी माझ्यापेक्षा पातळ करत. माझ्या सुती साड्यांना अशी इस्त्री करत की घडी मोडताना मला अपराधी वाटे. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी माझा गरम डबा घेऊन उभे राहत. बाजारातले लोक टोचून बोलत, "काय हवालदार, आज काय ड्यूटी? बायकोचा डबा?" ते चालता चालताच उत्तर देत, "चोवीस वर्सं दुसऱ्याच्या सायबाचा डबा वाहिला. आता माझ्या सायबाचा वाहतो. तुझा साहेब कोन हाय ते घरी जाऊन इचार." हे ऐकून मला लाज वाटे आणि बरंही वाटे. शिक्षकांच्या खोलीत मी ते कधी कबूल केलं नाही.

वावर गावाच्या बाजूची मुलं अन्नावाचून दगावली, त्या वर्षी ते कुणाच्या तरी टेम्पोबरोबर धान्याची पोती घेऊन तिकडे गेले. तिसऱ्या दिवशी परत आले. ताट वाढलं, तर त्यातला भात परत भांड्यात घातला. त्या संध्याकाळी त्यांनी शेजारच्या चार घरांतली पोरं आमच्या ओट्यावर रांगेत उभी केली आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली. पोरांना तो खेळ वाटला. दोघंतिघं तर पळत जाऊन रांगेच्या शेवटी पुन्हा उभी राहिली. त्यांनी त्यांनाही मोजलं.

आता त्यांच्या नियमाबद्दल सांगते. आमच्या घरात नियम एकच होता, आणि तो त्यांनी लग्नानंतर आठव्या दिवशी, रजा संपवून निघताना, मला सांगितला होता. "बाई, घरात कोन आजारी पडलं, तर आहे तेवढंच कळव. जास्त नको, कमीबी नको."

या नियमामागे एक तार होती, आमच्या लग्नाआधीची. फौजेत रजा सहजी मिळत नसे. त्यामुळे घरी काही कार्य असलं की जवान आपल्याच भावाला पढवून ठेवत, आणि मग पलटणीत तार येई, "फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली." असे सिरियस बाप दर महिन्याला येत, असं आजोबा सांगत. त्यांच्या पाड्यावर होळीनंतर बोहाडा असे. देवांची नि राक्षसांची मोठी लाकडी सोंगं डोक्यावर बांधून नाचायचं. एकेका घराकडे एकेका सोंगाचा मान असतो, आणि त्यांच्या घराकडे भीमाचं सोंग होतं. ते सोंग त्यांचे वडील नाचवत. ते पाहायला म्हणून आजोबांनी एका वर्षी धाकट्या भावाकडून अशीच खोटी तार करवली, घरी आले आणि पंधरा दिवस मजेत राहिले. सिरियस बाप स्वतः भीम होऊन नाचला. लोक हसून हसून दमले.

पुढच्या वर्षी बोहाड्याच्या आठ दिवस आधी पुन्हा तीच तार आली. शब्दही तेच. आजोबांनी ती सगळ्या बराकीला दाखवली आणि म्हणाले, "माझा भाऊ आता न सांगताच शिकला." साहेबांनी त्यांना बोलावलं आणि जायचं आहे का, असं विचारलं. आदल्या वर्षीचं खोटं त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. ते म्हणाले, "नाय सर. गावात बोहाडा हाय, बाकी काय नाय."

तीन आठवड्यांनी ते नेहमीच्या रजेवर घरी आले. वडिलांसाठी नवी घोंगडी आणली होती. पाड्याच्या वाटेवर धाकटा भाऊ समोर आला. त्याच्या डोक्यावरचे केस नुकते कुठे उगवत होते.

"एकदाच सायबापुढं खरं बोललो, बाई," ते मला म्हणाले होते, "आन् तेच खोटं निघालं." भीमाच्या सोंगाचा मान रीतीनं त्यांच्याकडे आला, पण त्यांनी त्याला कधी हात लावला नाही. तो भावानं चालवला.

मला हा नियम आवडला. मला नीटनेटकेपणाची हौस, हे तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना पत्रं लिहीत असे ती अशी: "अविला ताप १०२, दोन दिवस, आज उतरला." त्यांचे सोबती म्हणत, तुझ्या बायकोचं पत्र म्हणजे दवाखान्याचा कागद. पण माझं पत्र वाचून ते निवांत झोपू शकत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

२००४ च्या पावसाळ्यानंतर त्यांचा खोकला थांबेना. जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडात धरून आम्हा दोघांना समोरच सांगितलं. दोन महिने, फार तर तीन. बाहेर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "अविला फोन कर. आहे तेवढंच कळव."

मी रस्त्यापलीकडच्या बूथवर गेले. तिकडे तेव्हा सकाळ होत होती. मी काही बोलायच्या आतच अवि बोलू लागला. तुमच्या आईला सहावा महिना होता, आदल्या दिवसापासून रक्तस्राव होत होता. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. आधीचं एक मूल असंच गेलं होतं. "आई, इथं आम्हा दोघांशिवाय कुणीच नाही गं," तो म्हणाला आणि रडायला लागला. मग त्यानं विचारलं, "तुमचं कसं आहे? बाबांचा खोकला?"

"कमी आहे," मी म्हणाले. "नाशिकला दाखवून घेतलं. औषध दिलंय."

रस्ता ओलांडून परत आले. ते बाकावर तसेच ताठ बसले होते. "कळवलंस?"

"कळवलं."

"काय म्हणाला?"

"रजेचं बघतो म्हणाला."

सुनेला दिवस गेलेत हे त्यांना ठाऊक होतं, पण तिच्या रक्तस्रावाचं मी त्यांनाही काही सांगितलं नाही. दोन वाक्यांत मी नियम दोन्हीकडून मोडला. मला वाटलं होतं, आठवड्याभरात तिचं बरं होईल, मग सांगू. आठवडा गेला, दुसरा गेला. सांगण्यासारखा दिवस आला नाही.

एका रविवारी घरच्या फोनवर ते स्वतः अविशी बोलले. आवाज बसला होता. त्यांना वाटत होतं, मुलाला सगळं ठाऊक आहे. त्याला अडचणीत टाकायचं नाही म्हणून हळूच म्हणाले, "घाई नको करू. रजा मिळंल तसा ये." पलीकडून अवि म्हणाला, "हो बाबा, बाळ झालं की येतोच. तुम्ही औषध घ्या वेळेवर." मी शेजारी उभी होते. दोघांचंही मला ऐकू येत होतं.

त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्यावरचा हात उचलला नाही.

संध्याकाळची हजेरी आता अंथरुणावरूनच होई. "अविनाश," एवढंच म्हणत. पुढचा शब्द मी म्हणत असे.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. चमचा हातानं बाजूला करून ते म्हणाले, "बाई, त्याला बोल लावू नको."

"कुणाला?"

"अविला. त्याला खरं वाटत नसंल. वाटत असंल, म्हातारा बोलवायला नाटक करतो. बोहाडा असंल." ते थोडे हसले आणि त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाले, "मी तरी कुठं गेलतो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पोराला काही माहीत नाही हो, मीच सांगितलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर मी मुलांना वाक्यं करायला शिकवली. हे एक वाक्य मला करता आलं नाही. मी पेजेचा चमचा पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी माझ्यासाठी तो घेतला.

चौथ्या दिवशी, दुपारीच, ते गेले. अग्नी धाकट्या भावानं दिला. मी अविला फोन करून "अचानक झालं" म्हणाले. नऊ आठवड्यांनी तू झालीस, ओवी, साडेपाच पौंडांची आणि धडधाकट. यात तुझ्याकडे कसलाही दोष येत नाही. तू तेव्हा जगात नव्हतीस. ठरवलं ते मी एकटीनं. हे वाक्य दोनदा वाच.

तू तीन महिन्यांची झाल्यावर अवि आला. ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "शेवटी त्यांनी माझी आठवण काढली का गं?" मी म्हणाले, "शेवटी शुद्ध नव्हती रे." तेही खोटं. त्यानंतर तो दर वर्षी आला, पण त्या ओट्यावर पुन्हा कधी बसला नाही.

गेल्या रविवारी मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. नाशिकचा बाक, बूथ, पेजेची दुपार आणि त्यांचे शब्द, जसेच्या तसे. जास्त नाही, कमी नाही. मग तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमचे बाबा काही दिवस गप्प दिसतील आणि त्याचं कारण तुम्हाला ठाऊक असावं.

माझं सगळं सांगून झालं. मग तो म्हणाला, "आई, मी आलो असतो."

"हो रे," मी म्हणाले. "माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नव्हतं."