पालखीआधी पोचायचं होतं

खून-दरोडे पुष्कळ हाताळले, पण मनातून जात नाही ती एक साधी मिसिंग. तेव्हा मी डोंबिवलीत होतो. शिमग्याचे दिवस, म्हणजे आम्हा पोलिसांच्या रजा बंद. सकाळीच एक तरुण ठाणे अंमलदारापुढे येऊन उभा राहिला. आई कालपासून बेपत्ता, गाडी नाही, फोन बंद.

तक्रारदाराला आधी खोदून विचारायचं, ही माझी सवय. वडील गेल्या वर्षी वारले होते. कोकणातलं बंद घर विकायचं त्याने ठरवलं आणि त्यावरून मायलेकांचं वाजलं होतं. आईने जिवाचं बरंवाईट केलं असेल, या धास्तीने पोरगा अर्धा झाला होता. गावी ती पोचली नव्हती आणि हायवेच्या टोलनाक्यावर गाडीची नोंदही नव्हती.

दुपारच्या आत आमच्या हवालदाराने खबर आणली की बाई ठाकुर्लीला मोटार शिकायला जात होत्या. शिकवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, काकूंचा एकच हट्ट होता, अरुंद फळीवरून गाडी रिव्हर्समध्ये चढवायला शिकव.

मी पडलो गुहागरकडचा. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे फेरीबोटीवर गाडी अशीच उलटी चढवतात! बाई हायवेने गेल्याच नव्हत्या. समुद्राकाठच्या रस्त्याने, एकेक खाडी ओलांडत निघाल्या होत्या. दाभोळच्या धक्क्यावर फोन लावला. गाडी रांगेतच उभी होती. तिकीटवाल्याने फोन बाईंच्या हातात दिला.

"साहेब, आज संध्याकाळी पालखी घरी येते," त्या म्हणाल्या. "दरवर्षी दाराला कुलूप बघून पुढे जाते. ह्यांना एकदा याच रस्त्याने जायचं होतं, समुद्र बघत बघत. राहून गेलं. मला देवीची ओटी भरू दे, मग खुशाल विक म्हणावं."

मुलगा घाईने म्हणाला, तिला तिथेच थांबवून ठेवा, मी घ्यायला निघतो. एका शब्दाचं काम होतं. पण बोट सुटली असती आणि पालखीही चुकली असती. मी त्याला सांगितलं, "सज्ञान बाई आहे, स्वतःच्या मर्जीने गेली आहे. तिला अडवता येणार नाही. तू जरूर जा, पण तिच्याशेजारी दारात उभा राहायला जा."

तो गेला. मिसिंग बंद झाली. मला मात्र फोनमधून ऐकलेला बोटीचा भोंगा दिवसभर ऐकू येत राहिला. माझंही घर त्याच खाडीपलीकडे कुलपात होतं, आणि मी मिरवणुकीच्या बंदोबस्तात. त्यानंतर कुणी हरवलं की मी, तो कशाला कंटाळला होता, एवढंच विचारत नसे. त्याला कशाची ओढ होती, हेही विचारू लागलो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या शिमग्याला एकटाच गाडी घेऊन त्या रस्त्याने गेलो. समुद्र उजव्या हाताला सोबत होता. बोटीवर गाडी उलटी चढवताना घाम फुटला. घरी पोचलो तर पालखी शेजारच्या अंगणात आलेली आणि आमचं कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली फिरेना. मी ते घाईघाईने हिसकायला लागलो.

म्हातारे गुरव जवळ आले. म्हणाले, "सावकाश उघडा. इतकी वर्षं थांबलीय, अजून थांबेल ती."