मुठीतला गाळ

माझी पोस्टिंग पश्चिम किनाऱ्यावर, नौदलाच्या डायव्हिंग टीममध्ये होती. गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यातले आम्ही दोघे, मी आणि प्रल्हाद. दोघांच्या विहिरी शेजारीशेजारी. समुद्र नौदलात भरती झाल्यावरच पाहिला. पोहणं मात्र विहिरीतलं, पक्कं.

परवा भाची आणि जावई भेटायला आले. कोकणात स्कूबा शिकणार आणि लगेच बुडालेल्या जहाजात शिरणार म्हणे. "मामा, आमले पवता येस ना," भाची म्हणाली. पोहता येतं, एवढ्याच भरवशावर. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

आमच्याकडे विहिरीत सूर मारणाऱ्याने तळाचा गाळ मुठीत आणून काठावरच्यांना दाखवायचा. नाहीतर तळ गाठला हे कुणी मानत नाही. प्रल्हाद यात पटाईत. मूठ उंचावून असा मिरवायचा, जणू गड जिंकला.

त्या सकाळी एका बुडालेल्या बार्जची, म्हणजे मालवाहू जहाजाची, तपासणी होती. बोटीवर आमच्या टीमच्या मास्टर चीफने ब्रीफिंग दिलं.

"रस्सी नहीं छोड़ना. तल को हाथ नहीं लगाना. एक तिहाई हवा जाने की, एक तिहाई आने की, बाकी मुसीबत की."

पाण्याखाली मी दोरी धरून बार्जच्या दारात थांबलो. तिचं दुसरं टोक एका हातात आणि टॉर्च दुसऱ्या हातात घेऊन प्रल्हाद आत गेला. पाणी नितळ होतं. तळाशी पोचल्यावर तो वळला, दोरी सोडली, तळातून मूठ भरली आणि विहिरीवर दाखवायचा तशी मला दाखवली. मला हसू आलं. तेवढ्यात गाळ उठला आणि त्याचा टॉर्च दिसेनासा झाला.

मी दोरी ओढली. ती सैल आली.

विहिरीत काही दिसेना झालं की माणूस सरळ वर येतो. आमच्या अंगात तेच भिनलेलं. जहाजात वर लोखंडी छत असतं. सिलिंडर छतावर आपटल्याचे आवाज येऊ लागले. मी दोरी दाराला बांधली आणि तिच्या आधाराने आत शिरलो. चाचपडताना केबल हाताला लागल्या, तो लागला नाही. मग आवाज थांबले. माझी हवा संपत आली होती. मला बाहेर पडून वर बोटीपाशी यावं लागलं.

"दुसरा कहाँ है?" मास्टर चीफने विचारलं.

"अंदर, सर. छत के पास. केबल हैं."

मास्टर चीफने वॉकीटॉकी उचलला. "डायव्हर टू मिसिंग. स्टँडबाय डायव्हर गोइंग डाउन."

मी नवा सिलिंडर मागितला.

"तुम नहीं."

स्टँडबाय डायव्हरने त्याला केबलमधून सोडवून आणलं. हवा देणारा रेग्युलेटर तोंडातून निघाला होता. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले, पण प्रल्हाद वाचला नाही. मूठ अजून मिटलेलीच होती. मी ती उघडली. आत गाळ होता. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

भाचीला म्हणालो, जहाज आधी बाहेरूनच बघा. आत शिरायचं ट्रेनिंग वेगळं असतं. ते झाल्याशिवाय आणि अनुभवी गाइडशिवाय दारात डोकंही घालायचं नाही. वर येताना विहिरीतल्यासारखा श्वास कोंडायचा नाही, तो चालू ठेवून सावकाश यायचं.

"बाहेरूनच दखसूत, मामा," जावई म्हणाले.

प्रल्हादचे वडील, आबा, अजून गावातल्या त्यांच्या विहिरीवर येऊन बसतात. कुणी सूर मारला की ओरडतात, "गाळ नको रे! रिकामा हात दखाड!" वर आलेला माणूस पाण्यातूनच दोन्ही पंजे उघडून दाखवतो. आबा ते नीट पाहतात. मगच पुढच्याला उडी मारू देतात.