सागाची दारं
इथं तिरुपूरला खोलीमालकानं परवा सुतार बोलावला. रंधा फिरला, सागाचा वास सुटला आणि मला वाशीमबाहेरचा तो जुना बंगला आठवला. कापसाच्या व्यापाऱ्यानं बांधलेला, उंच जोत्याचा, दारांवर रंगीत काचा. व्यापाऱ्यानंतर तिथं एक डॉक्टर राहून गेले, आणि शेवटी पुढच्या दोन खोल्यांत एक शिवणकाम करणाऱ्या बाई भाड्यानं राहत होत्या. आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा त्यांनीच मला ओसरीवर मशीनपुढं बसवलं. आज इथल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवून माझं पोट भरतं ते त्यांच्यामुळं. पुढं बंगला विकला गेला, पण त्या घर सोडत नव्हत्या, म्हणून एका दुपारी नवा मालक माणसं घेऊन आला आणि त्यानं दारं-खिडक्या काढायला लावल्या. "काहून काढून राह्यले?" बाईंनी विचारलं. तो हसला. "बाई, घर भाड्यानं देलं तुमाले, दारं नाई. राहा ना खुशाल, हवा येते!" जमलेले बघेही हसले, आणि त्यांतल्याच काहींनी तिथंच दारांचा सौदा केला. माझ्या बाबांनी एक खिडकी घेतली. बाईंनी दारांच्या जागी लुगडी बांधून काही दिवस काढले, पण कुत्री आत शिरायला लागली तेव्हा मशीन हातगाडीवर घालून त्या निघाल्या. आमच्या घरापुढं थांबल्या. भिंतीत नुकतीच बसवलेली ती खिडकी त्यांनी पाहिली आणि माझ्या आईला म्हणाल्या, "वयनी, वरची कडी घट्ट हाये, जरा उचलून लावजा." आता आई फोनवर सांगते, खिडकीतून वारा मस्त येतो. मी 'हो' म्हणते, आणि माझ्या खोलीचं दार लागलंय ना, ते पुन्हा उठून बघते.