पारमिताचे हात

निपाणीत मंगलच्या दारात बायका सुपं घेऊन विड्या वळत बसतात. तिची तीन वर्षांची पारमिता समोर बसून हातावर हात चोळत राहायची. दिवसभर, झोप लागेपर्यंत.

"मंगल, लेक आत्ताच कामाला लागली गं! विडी कामगाराचं कार्ड काढ तिचं," मालुबाई म्हणायची. सगळ्या हसायच्या.

मंगलला हसू यायचं नाही. दीड वर्षाची असताना हीच पोर 'आज्जी', 'पानी' म्हणायची, सुपातलं पान उचलून आईच्या हातात द्यायची. मग बोलणं गेलं. हातात काही धरणंही गेलं.

गावातले डॉक्टर पोरीला हात न लावताच म्हणाले, "आईची नक्कल करतेय. तिच्यासमोर विड्या वळू नका."

"आन् बोलायची ती? त्ये कुठं गेलं?"

"मोबाइल दाखवत असाल."

"माज्या मोबाइलला बटणं हाईत, डॉक्टर!"

तरी सासूनं, तानीबाईनं, मंगललाच भिंतीकडं तोंड करून बसवलं. मंगल वर्षभर भिंत बघत वळत राहिली. पोरीचे हात थांबले नाहीत. एक दिवस तळव्यांची साल निघालेली दिसली आणि मंगलनं सूप आपटलं.

"बारा वर्सं वळतो मी, आत्ती! इडी वळताना अंगठा फिरतो. हिचा फिरतोय का बगा! ही नक्कल न्हाय. हिचं हात हिचं ऐकत न्हाईत!"

मंगल पोरीला बेळगावला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हेच सगळं तिच्याकडून दोनदा ऐकलं. टेपनं पोरीचं डोकं मोजलं. वयाच्या मानानं ते वाढलंच नव्हतं. रक्त तपासायला पाठवलं. दीड महिन्यानं नाव कळलं: रेट सिंड्रोम. जनुकातला दुर्मीळ दोष, बहुतेक मुलींमध्येच दिसणारा.

"बरा होत नाही, पण व्यायामानं फरक पडतो. तुमच्यामुळं झालेला नाही. आणि तिच्याशी बोलताना समोर बसा. अशा मुली डोळ्यांनी बोलतात."

मंगल बसस्टँडवरून पोरीला काखेत घेऊन थेट गावातल्या डॉक्टरांकडं गेली. रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"वाचा."

"फार दुर्मीळ आहे हो हे. आम्हाला कसं कळणार?"

"न्हाय कळलं, तर न्हाय कळलं म्हणायचं! वरीसभर ही माजं त्वांड हुडकत हुती, आन् तुमच्या शब्दावर मी पाठ करून बसलोतो!"

घरी येऊन तिनं सूप उचललं आणि भिंतीकडं पाठ करून पोरीसमोर मांडलं.

"अगं, तिच्यासमोर?" तानीबाई म्हणाली.

"तिच्यासमोरच."

पारमितानं मान वर केली. हात चालूच होते. नजर मात्र आईवरून हलली नाही.