सुलभाचा खंड्या

नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही सुलभाला ओळखत नाही. एवढंच कारण.

मला तांब्यावर मीनाकाम केलेले जुने पक्षी आणि फुलं जमवायचा नाद आहे. पत्र्यातून पंख, पाकळ्या कापायच्या, वर काचेची पूड भट्टीत भाजून रंग चढवायचा, असं ते काम. नव्वदच्या दशकात दिल्लीत परदेशी कंपन्या आल्या, त्यांची माणसं आली, आणि बदली झाली की ती घरातलं सामान विकून जायची. तिथून मी एकेक नग आणला. सरोजिनी नगरच्या क्वार्टरात ते ट्रंकेत असायचे. द्वारकेत स्वतःचा फ्लॅट झाल्यावर भिंतभर मांडले. सोसायटीतल्या बायका बघायला यायच्या. आवडायचं मला. का नाही आवडणार?

सुलभा आमच्याच मजल्यावर राहते. मूळची पुण्याची, नवरा सरकारी नोकरीत. एकदा मी तिला अशाच एका विक्रीला सोबत म्हणून नेलं. मी खोकी उचकत बसले होते, आणि तिनं पाच मिनिटांत कोपऱ्यातून एक खंड्या उचलला – चोच खाली, सूर मारायच्या बेतात, आणि निळा असा, की माझ्या अख्ख्या भिंतीवर तसा निळा नव्हता. मला विचारलंसुद्धा नाही. घेतला आणि पिशवीत टाकला.

मग बायका तिच्याकडे जाऊ लागल्या. "सुलभाजी, आपका वाला तो बिल्कुल उड़ जाएगा!" – हे माझ्यादेखत.

इथवर ठीक आहे, कुणालाही थोडं लागेल. पण पुढचं –

एका सकाळी सुलभानं दारातूनच विचारलं, "अगं, खंड्याचं मागचं तांबं काळं पडलंय. कशानं घासू?"

मला माहीत होतं. आंबट लागलं की या मीन्याची चमक मरते. माझं एक कमळ मी तसंच घालवलं होतं. आणि मी म्हटलं, "तांबंच ना ते? देवाची भांडी घासतेस तसंच. चिंच-मीठ लाव, दोन-तीन तास भिजू दे." आवाज अगदी नेहमीचा. पोळ्या लाटत होते – लाटणंही थांबलं नाही.

संध्याकाळी ती खंड्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. निळा गेला होता. पाटीवरचा खडू हातानं पुसावा तसा पांढुरका. मला वाटलं, आता विचारेल. ती हसली. "हे म्हणतात, तू आपली देवाचीच भांडी घास. मीच जास्त रगडलं असणार, यार. तू सांगितलंस ते बरोबरच असेल ना."

एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हटलं? – "हो, जरा हलक्या हातानं करायला हवं होतंस."

चिंच मी मत्सरानं सांगितली, मान्य. पण हे? हे तर मी तिच्या डोळ्यांत बघून, शांतपणे बोलले.

त्यानंतर सुलभानं तसलं काही घेतलं नाही. "आपल्याला त्यातलं कळत नाही," म्हणते. मग पडदे, साड्या, सोफ्याचं कापड – सगळं मला विचारून. तिची नजर माझ्याहून चांगली होती. मला ते त्या विक्रीतच कळलं होतं.

आमचं छान चाललंय. रोज सकाळी फिरायला जातो, भरपूर हसतो. माझी झोप उडालेली नाही – खोटं कशाला सांगू? भिंत आता भरली आहे, आणि चहा घेताना त्या भिंतीकडे बघायला मला अजून आवडतं.

गेल्या महिन्यात तिच्या मुलाच्या गुडगावच्या नव्या घरासाठी रंग निवडायला गेलो. तिचं बोट एका पिवळ्यावर थांबलं – भडक नाही, उन्हात वाळत घातलेल्या मलमलीसारखा. सुरेख होता. मग तिनं बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग."

"तोच घे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

भिंती सुंदर झाल्या. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला ती कौतुकानं सांगत होती, "रंग हिनं निवडला हं." मी शेजारीच उभी होते. नाही म्हटलं नाही.