मार्गदर्शकाने पळवलेला पक्षकार

त्या माणसाचा मला आजही राग येतो. तो गेला तेव्हा शोकसभेत लोकांनी डोळे पुसले. मी वर पंख्याकडे बघत बसलो होतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी रत्नागिरीच्या कोर्टात नवा वकील होतो. घरात वकिली नाही, शहरात ओळख नाही. माझ्यासारख्यांसाठी काही ज्येष्ठ वकिलांनी एक योजना काढली. ज्येष्ठाने एका नवख्याला वर्षभर मार्गदर्शन करायचं, तेही स्वखुशीने, फुकट. नियमही ठरले. नवख्याचा पक्षकार मार्गदर्शकाने घ्यायचा नाही, त्याने विश्वासाने विचारलेलं बाहेर बोलायचं नाही, त्याला घरकामाला जुंपायचं नाही. हे नियम लिहिले माझ्याच मार्गदर्शकाने. त्याला साहेब म्हणायची जिभेची सवय अजून जात नाही. अक्षर सुरेख होतं, तेवढं मान्य करतो.

घरकामाचा नियम साहेबांनी पहिल्याच आठवड्यात गुंडाळून ठेवला. त्यांच्या घरचं रॉकेल मी आणलं, मेव्हण्याला घ्यायला एसटी स्टँडवर गेलो. शिकायचं तर चार कामं करावी लागतात, अशी मीच माझी समजूत घालत असे.

मग मला पहिला स्वतःचा दावा मिळाला. आमच्या गावच्या एका काकांची पाखाडी, म्हणजे विहिरीकडे उतरणारी दगडी वाट, शेजाऱ्याने गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, घालून बंद केली होती. मी गावचा म्हणून काका माझ्याकडे आले. दावा नीट चालला असता तर पंचक्रोशीतली माणसं माझ्याकडे आली असती. बिघडला असता तर वडिलांना गावात मान वर करता आली नसती. म्हणून एका मुद्द्यावर अडलो तेव्हा कागद घेऊन साहेबांकडे गेलो. "ठेवून जा, बघतो," ते म्हणाले.

काही दिवसांनी त्यांनी बोलावलं. समोर काका बसलेले, माझ्याकडे न बघता. वकील बदलायला माझी हरकत नाही, असा कागद टेबलावर तयार होता. फक्त माझी सही राहिली होती.

"तुझ्या भल्यासाठीच," साहेब म्हणाले. "तुला झेपणार नाही."

मी सही केली. बाहेर काकांना गाठलं.

"तुजा सायबच बोल्ला, पोर कच्चा हाय, इचारायला माज्याकडंच येतो," काका म्हणाले. "मंग मदी तू कशाला?"

काकांवर काय रागावणार? योजनेतल्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचे अध्यक्ष पुन्हा साहेबच. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? समितीतल्या दुसऱ्या वकिलांनी मला चहा पाजला आणि "पोटात ठेव" म्हणून सांगितलं.

योजनेचं वर्ष पुरं झालं तेव्हा वकिलांच्या खोलीत समारंभ झाला. नारळ वाढवण्याआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला साकडं घालायचं आणि दर वाक्यामागे बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

"याचे वडील गावात गाऱ्हाणं घालतात," साहेब म्हणाले. "घाल रे! कोर्टात तोंड उघडत नाहीस, इथे तरी उघड."

सगळे हसले. काकांचा दावा आता परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा हितं जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांची इडापिडा टळू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"एकान नियम केलान, नवख्याचा पक्षकार घ्यायचा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्यानंच माज्या गावचा म्हातारा पळवलान!"

काहींचे आवाज अर्ध्यावर अडकले. बाकीच्यांनी सवयीने साथ दिली, आणि त्यात सगळ्यात खणखणीत आवाज साहेबांचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मग ऐकलेलं डोक्यात शिरलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"हा देवाचा अपमान आहे!" ते ओरडले.

"देवाचा नाही, तुमचा," मी म्हणालो. "आणि तुम्हीच व्हय म्हणालात."