मार्लिसच्या उशाशी आलेली ओल

व्हेल्मा नीमीला लहानपणापासून एक खोड होती. एखादी वस्तू बिघडली की ती दुरुस्त करण्याआधी ती का बिघडली हे तिला कळायलाच हवं असायचं. अ‍ॅस्टोरिया गावाच्या चढ-उतारांवर तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. बसचा ब्रेक जरा कुरकुरला की ही डेपोत जाऊन मेकॅनिकच्या डोक्याशी उभी. ते लोक तिला लांबून पाहिलं की म्हणायचे, "आली बघा चौकशी समिती."

निवृत्त झाल्यावर तिनं धाकट्या बहिणीबरोबर, मार्लिसबरोबर, एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं. मार्लिसचं केस कापायचं दुकान होतं; तेही तिनं नुकतंच बंद केलं होतं. व्हेल्मानं लग्न केलं नव्हतं आणि मार्लिसचं टिकलं नव्हतं. दोघींचा बेत साधा होता. इथला हिवाळा म्हणजे सहा महिने नुसता पाऊस; तो चुकवून दक्षिणेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहायचं. गाडी मार्लिसच्या मुलापेक्षा वयानं मोठी होती, पण इंजिन ठणठणीत होतं. इंजिन व्हेल्मानं नीट पारखून घेतलं होतं. छपराकडे मात्र तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि मार्लिसनं पुढे हे तिला अनेकदा ऐकवलं.

सप्टेंबरात पाऊस लागला. घरासमोरच्या चढावर उभ्या गाडीत दोघी सामान लावायला गेल्या, तर आत कोंदट वास. मागच्या पलंगाच्या उशाशी भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग पडला होता. मार्लिसनं बोट टेकवलं तर ते आत गेलं.

"व्हेल्मा, ही भिंत आहे की खीर?" ती म्हणाली. "मी इथे झोपणार नाही. तू झोप."

शेजारच्या हार्लनला बोलावलं. तो जुना मच्छीमार; बोटी, छपरं, नाती, सगळ्यावर त्याचा इलाज एकच. फटी बुजवायच्या सीलंटची नळी घेऊनच तो आला. "मधल्या झडपेतून गळतंय," तो शिडीवरून म्हणाला. "सगळ्यांचं तिथूनच गळतं. लावा जाड थर आणि विसरून जा."

व्हेल्मानं वर चढून पाहिलं. हवेसाठी ठेवलेल्या त्या झडपेभोवती आधीच्या मालकांनी इतकं सीलंट थापलं होतं, की शेंदराची पुटं चढलेल्या जुन्या देवासारखी तिची मूळ चौकट दिसेनाशी झाली होती. तरी हार्लनचा मान ठेवून तिनं आणखी एक थर दिला. दोन पाऊस झाले आणि डाग वीतभर वाढला.

मग तिनं भिंतीचा आणि छताचा आतला पातळ प्लायवूड सोलून काढला. मार्लिस दारात उभी राहून बघत होती. आतल्या लाकडी रिपा कॉफीत बुडवलेल्या पावासारख्या हातात येत होत्या. थंडी अडवायला भरलेल्या काचेच्या कापसातून पाणी निथळत होतं, आणि एका कोपऱ्यात काळ्या मुंग्यांनी छान संसार थाटला होता.

"विकून टाकू," मार्लिस म्हणाली. "नाहीतर मुंग्यांनाच देऊ. त्यांचं बस्तान बसलंच आहे."

व्हेल्मानं ते ऐकलं नाही. ती बॅटरी घेऊन छताचं लाकूड न्याहाळत होती. "मार्लिस, इकडे ये. झडपेच्या खालचं लाकूड बघ."

"काय झालंय त्याला?"

"काहीच नाही. खडखडीत कोरडं आहे. गळती तिथली असती तर आधी हे कुजलं असतं. आणि ही काळी रेघ बघ, छताच्या कडेनं पुढून आलीय."

"तुला आनंद झालाय."

"नाही गं."

"झालाय. माझा पलंग मुंग्यांनी खाल्लाय आणि तुझ्या चेहऱ्यावर नाताळ उजाडलाय."

ते खरंच होतं. भिंत कुजली याचं व्हेल्माला वाईट वाटत होतं, पण पाणी नेमकं कुठून निघून कसं इथवर आलं, या प्रश्नानं तिला धरलं ते धरलंच. जेवताना ती काट्यानं कालवणात रेघोट्या ओढायची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. गाडीवर ताडपत्री टाकून तिनं पाऊस थोपवला, पण मनातला प्रश्न काही थांबेना.

धागा सापडला तो मार्लिसला. एकदा वेलदोड्याचा गोड पाव कापताना ती सहज म्हणाली, "गंमत बघ. ऑगस्टात आपण नदीकाठी मुक्कामाला गेलो, तिथे रात्रभर पाऊस धो धो पडला होता. पण माझी उशी कोरडी होती."

व्हेल्माचा कप तोंडापाशीच थांबला. "तिथे माझे बूट भिजले होते. ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेले."

"तू म्हणालीस, तू चिखलात गेली होतीस."

"मला तसं वाटलं. मी कुठे गेले होते? नुसती झोपले होते." तिनं कप खाली ठेवला. "नदी दिसावी म्हणून मी तिथे गाडी उतारावर लावली होती. तोंड खाली. घरी आपण चढावर लावतो. तोंड वर."

आता दोघींच्याही लक्षात आलं. पाणी एकाच जागी शिरत होतं; गाडीचा कल असेल तिकडे आतल्या आत वाहत जात होतं. काळी रेघ पुढून आली होती, तेव्हा शिरायची जागा गाडीच्या पुढच्या अंगाला असणार. पण नेमकी कुठे?

बसच्या टायरचं पंक्चर शोधायला साबणाचं पाणी लावतात. व्हेल्माला वाटलं, गाडी काय आणि टायर काय. ताडपत्री काढायला कोरडा दिवस मिळाला, तशी तिनं सगळ्या खिडक्या-झडपा चिकटपट्टीनं बंद केल्या. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्याला भोक पाडलं आणि पानं उडवायच्या ब्लोअरचं नळकांडं त्यात खुपसलं. गाडीत हवा भरली. हार्लन बिअर घेऊन कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"तुझी ताई गाडी उडवणार आहे का?" त्यानं मार्लिसला विचारलं.

"उडाली तर तुझ्या अंगणात पडेल असं बघू."

व्हेल्मा छपरावर पोटावर सरपटत भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशनं लावत चालली. झडपेपाशी काही नाही. कडेच्या पट्टीवर काही नाही. मग ती गाडीच्या कपाळावर आली. तिथे नारिंगी दिव्यांची ओळ होती. टोकाच्या दिव्याला ब्रश लागला मात्र, फेसाचा एक फुगा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. जणू आत कोणीतरी बसून श्वास सोडत होतं. व्हेल्मा हनुवटी टेकून बराच वेळ ते बघत राहिली.

"सापडलं का?" खालून मार्लिसनं विचारलं.

"वर येऊन बघ."

"माझे गुडघे बघ आधी." पण ती शिडी चढली. हार्लनही चढला. त्यानं फुग्याकडे पाहिलं, दिव्याखालच्या चिरलेल्या रबराकडे पाहिलं, आणि उरलेली बिअर संपवली.

भोक बोटाच्या नखाएवढं होतं. ते बंद करायला एक दुपार पुरली: जुनं रबर खरवडलं, चिकट पट्टी लावून दिवा पुन्हा बसवला. भिंतीला मात्र महिना लागला. कुजलेलं सगळं कापून काढलं, उरलेल्या लाकडावर दिवसरात्र पंखा लावून ते वाळवलं, मुंग्यांना निरोप दिला, नव्या रिपा बसवल्या आणि नवा कापूस भरला. भिंतीचा कागद मार्लिसनं निवडला. तो पिवळाजर्द होता. व्हेल्माला आवडला नाही, तरी तिनंच तो चिकटवला.

नोव्हेंबरात त्या निघाल्या. पहिले तीन दिवस पावसातूनच गेले, आणि मार्लिस रोज सकाळी भिंतीवर तळहात ठेवून बघायची आणि कॉफी करायला उठायची.

वाळवंटातल्या मुक्कामावर व्हेल्माच्या ब्लोअरची कीर्ती पसरली. लोक बोलवायला लागले. कोणाची खिडकी गळत होती, कोणाच्या मागच्या शिडीचा स्क्रू. एक म्हातारं जोडपं वर्षानुवर्षं छपराला सीलंट फासत होतं, तरी त्यांची गादी ओलीच राहायची. व्हेल्मानं अख्ख्या छपरावर फेस फिरवला. एकही फुगा आला नाही. ती चक्रावली. आत येऊन बसली, इकडेतिकडे पाहिलं. बंद खिडक्या, चुलीवर सतत उकळणारी किटली, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, आणि गादीवर ऐसपैस पसरलेले दोन ओले कुत्रे.

"रात्री खिडकी उघडी ठेवता?" तिनं विचारलं.

"छे," म्हातारी म्हणाली. "पाणी येईल ना."

व्हेल्मानं खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बोट ओढलं. बोट ओलं झालं. पाणी बाहेरून येतच नव्हतं; आतलीच वाफ गार काचांवर जमून गादीत उतरत होती. मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि त्या दोघांना विचारायला सुरुवात केली, कुत्रे रात्री कुठे झोपतात, चहा कितीदा होतो.